चौदा क्रमांकाची चौथी चिठ्ठी

घडीकाकूंविषयी आज दोन प्रकारची माहिती उपलब्ध आहे: जावयाने सांगितलेली आणि विश्वासार्ह. पहिली अमर्याद आहे. दुसरी बुटांच्या एका खोक्यात मावते. पुढील हकिकत शक्य तितकी खोक्यावर आधारलेली आहे. जेथे जावयावाचून दुसरा साक्षीदारच नाही तेथे त्याने सांगितलेले आकडे निम्मे करून घेतले आहेत, आणि तरीही ते जास्तच असावेत असा संशय आहे.

काकूंनी एकेचाळीस वर्षे पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात छापील कागदांना घड्या घातल्या. छापखान्यातून आलेला मोठा ताव तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा तयार होतो. असे फर्मे एकावर एक रचले, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले आणि दाबाखाली ठेवले की पुस्तक उभे राहते. पाहणाऱ्याला हे काम सोपे वाटते. पाहणाऱ्याने एकदा करून बघावे. एक घडी उलटी पडली तर नायक-नायिकेचे लग्न आधी लागते आणि ओळख नंतर होते.

म्हणून त्या कारखान्यात एक रीत होती. प्रत्येक गठ्ठ्यात घडी घालणाऱ्याच्या क्रमांकाची चिठ्ठी असे. काकूंचा क्रमांक चौदा. पान उलटसुलट निघाले की चिठ्ठी परत येई. ज्याची असेल त्याने तिच्यावर ‘चूक माझी’ एवढेच लिहून सही करायची आणि ती दाराजवळच्या खिळ्याला आठवडाभर टांगायची. कारण लिहायला बंदी होती. “कारणं लिहायची तर त्यांचं वेगळं पुस्तक बांधावं लागेल,” असे तिथला मुकादम म्हणत असे. एकेचाळीस वर्षांत चौदा क्रमांकाच्या तीन चिठ्ठ्या परत आल्या. तिन्ही खोक्यात आहेत. तिसरी आपली नव्हतीच, ती पंधरा नंबरवालीची होती, असे काकू अजून म्हणतात. पण तिच्यावरची सही त्यांचीच आहे, आणि ठसठशीत आहे.

कारखाना बंद झाला, हात बंद झाले नाहीत. घरात वर्तमानपत्र कोणी वाचण्याआधीच त्याची चोपडी होई. दवाखान्याचा कागद, ओला टॉवेल, जावयाने अंगात घालायला काढून ठेवलेला सदरा, काहीही दोन मिनिटे एका जागी पडले की दुमडले जाई. ‘घडीकाकू’ हे नाव शेजाऱ्यांनी दिले. लेकीचे म्हणणे असे की लहानपणी तिच्या शाळेच्या गणवेशाला इतकी कडक घडी असे, की ती बाकावर बसली तरी गणवेश उभाच राहायचा. हे विधान पडताळता आलेले नाही. तथापि त्या काळच्या वर्गाच्या एका छायाचित्रात पहिल्या रांगेतल्या सगळ्या मुली बसलेल्या आहेत आणि एकच उभी आहे.

दर गुरुवारी दहा ते एक काकू दोन गल्ल्या पलीकडच्या सार्वजनिक वाचनालयात जात. तिथल्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तके दुरुस्त करायला त्या आणि एक निवृत्त कंपोझिटर असे दोघे बसत. कंपोझिटरांनी आयुष्यभर छपाईचे, उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवलेले. सरळ छापलेला मजकूर त्यांना अजूनही किंचित संशयास्पद वाटतो. त्यांना बोलायची सवय नाही. काकूंनाही नाही. वाचनालयाच्या सेविकेने एकदा सहज मोजले होते: तीन तासांत दोघांची मिळून अकरा वाक्ये, त्यांतली चार पाने चिकटवायच्या खळीविषयी. लेकीच्या घरी राहणाऱ्या काकूंना हे तीन तास म्हणजे माहेरपण होते.

मागच्या वर्षी खिडकीचा पडदा खाली न उतरवता, टांगलेल्या अवस्थेतच दुमडण्याच्या प्रयत्नात काकू स्टुलावरून पडल्या. खुबा सांधला गेला, पण आधाराशिवाय चालणे संपले. व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओताईंनी चार चाकांचा वॉकर आणवला: दोन मुठी, दोन ब्रेक, मध्ये टेकायला आडवी गादी, गादीखाली पिशवी. सोबत एक छापील तक्ता होता. घडी, साठवण, ब्रेक, बसणे आणि उतार अशी त्यात पाच कलमे. पाचही पार पडली की एकटीने बाहेर जायला मोकळीक. तोवर सोबत हवी.

सोबत द्यायला घरात एकच माणूस रिकामा होता. जावई.

जावयाने तीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी केली. पंपाच्या आवाजात त्याचे बोलणे कोणाला ऐकू जात नसे, त्याला स्वतःलाही नाही. निवृत्त झाल्यावर तीस वर्षांचे तुंबलेले एकदम वाहू लागले. पहिल्याच गुरुवारी तो दुरुस्तीच्या खोलीत खुर्ची ओढून बसला.

“आई, हा खळीचा डबा आहे ना, याचं झाकण बघा. झाकण म्हटलं की मला आमच्या तीन नंबरच्या व्हॉल्व्हची आठवण येते. आता तीन नंबर म्हणजे जुना तीन नंबर, बरं का. नवा तीन नंबर म्हणजे आधीचा पाच. हा काय घोळ आहे ते सांगतो...”

एक वाजेपर्यंत तो आधीच्या पाचापर्यंत पोचला नव्हता. चौथ्या गुरुवारी कंपोझिटरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वर्षभराची वाक्ये एकदम खर्च केली.

“चौदा नंबर, जावई तुमचा गुणी आहे. पण महिनाअखेर यांचा काही बंदोबस्त झाला नाही तर मी घरी बसतो. घरी माझी बायको आहे, तिचा भाऊ आहे, पोपट आहे. पण तिथं निदान पाळीपाळीनं बोलतात.”

“बघते,” काकू म्हणाल्या.

“पोपट म्हटलं की...” जावई म्हणाला.

हिशेब सरळ होता. गुरुवार टिकवायचा तर कंपोझिटर हवेत, कंपोझिटर हवेत तर जावई घरी हवा, आणि जावई घरी राहायचा तर तक्त्यातली पाच कलमे पार पडायला हवीत. सगळा डोलारा त्या चार चाकांवर येऊन ठेपला होता.

काकू वॉकरला ‘उमेदवार’ म्हणू लागल्या. कारखान्यात शिकाऊ माणसाला हाच शब्द होता, आणि पहिले तीन महिने त्याच्यावर विश्वास टाकायचा नसे.

फिजिओताईंचा पहिला धडा घडीचाच होता. “काकू, आधी दोन्ही ब्रेकच्या कड्या खाली दाबून चाकं लॉक करा. पिशवी रिकामी करा. आता गादीच्या मधला हा पट्टा सरळ वर ओढा. झालं.”

पट्टा ओढताच दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या आणि वॉकर चपटा झाला. काकूंनी त्याच्याभोवती नजर फिरवली.

“ही घडी?”

“हो. सोपी आहे ना?”

“ही घडी नव्हे, ताई. ही घेरी आली. कड कुठं जुळलीय याची? हे चाक बाहेर, ते चाक आत.”

“चाकं जुळायची गरज नाही, काकू.”

“गरज कशाचीच नसते. एकेचाळीस वर्षं हेच ऐकत आले.”

उघडण्याची कृती मात्र काकूंना पटली. गादीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर तळहाताने दाबायचे, टक्क असा आवाज होईपर्यंत. बोटे दांड्याखाली घालायची नाहीत, चिमटतात. टक्क झाले नाही तर उघडले नाही असे समजायचे, आणि त्यावर भार टाकायचा नाही. “हे बरं आहे,” काकू म्हणाल्या. “काम झालं की सांगतो. घरात असं दुसरं कोणी नाही.”

फिजिओताई गेल्यावर काकूंनी घडीची आपली पद्धत बसवली. पिशवी काढून तिची तीनदा घडी. मुठी शेवटच्या भोकापर्यंत खाली. मग चपटा झालेला उमेदवार मेणदोऱ्याने तीन ठिकाणी आवळून बांधायचा, बांधणीवाल्यांची गाठ मारून. ही गाठ माहीत असलेल्याला एका ओढीत सुटते आणि इतरांना सुटत नाही. घडी घालून मोकळी सोडणे हे कारखान्यात दार उघडे टाकून जाण्याइतके गैर समजले जाई. त्यानंतर दाब. दोन फळ्यांमध्ये घालून उमेदवार दिवाणाच्या गादीखाली गेला.

संध्याकाळी लेक दिवाणावर बसली आणि लगेच उठली.

“आई, या दिवाणात काय आहे?”

“उमेदवार.”

“त्याला दाबून काय मिळणार?”

“घडी बसेल.”

“आई, अ‍ॅल्युमिनियम आहे ते!”

“वेळ लागेल,” काकू म्हणाल्या.

तिसऱ्या दुपारी जावई तिथेच आडवा झाला. त्याच्या सांगण्यानुसार त्याच्या पाठीवर चाकाचा ठसा सहा दिवस राहिला. तीन दिवस राहिला, हे लेकीलाही मान्य आहे.

पुढच्या भेटीत फिजिओताईंनी ‘साठवण’ या कलमासमोर मोठी फुली मारली. “काकू, तुम्हाला उठावंसं वाटलं की दहा सेकंदांत वॉकर हाताशी यायला हवा. तुम्ही त्याला बांधता काय, पुरता काय! कंटाळून एक दिवस त्याच्याशिवायच उठाल आणि मग पुन्हा मला बोलवाल. पलंगाशेजारी, भिंतीला टेकून, ब्रेक लॉक करून. येण्याजाण्याच्या वाटेत नको, जिन्याच्या तोंडाशी तर नकोच.”

जागेपुरते काकूंनी ऐकले. तीन दोऱ्यांचा एक दोरा केला, एवढेच.

आणि मग डावा ब्रेक किंचाळू लागला. रस्त्यावर ते चालून जाई. पण गुरुवारच्या खोलीत काकू टेबलाशी थांबल्या की असा आवाज होई की कंपोझिटरांच्या हातातला ब्रश खळीसकट थबके. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला ब्रेक. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा कंपोझिटरांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. महिना संपायला अकरा दिवस होते.

कारखान्यात जे काही कुरकुरे, दाबयंत्राचा मळसूत्री दांडा असो, टेबलाचा खण असो, त्यावर एकच इलाज होता. काकूंनी आपला जुना मेणाचा गोळा काढला, ब्रेक जिथे चाकाला टेकतात तिथे दोन्ही बाजूंनी नीट घासला, वर घड्या घोटायच्या हाडाच्या पट्टीने चकाकी आणली. ब्रेक तत्काळ गप्प झाला. काकूंना समाधान वाटले. फर्मे शिवताना एवढा गुळगुळीत दोरा लाभला असता तर आयुष्य वेगळे झाले असते, असे त्या लेकीला म्हणाल्याही. कशाबद्दल, ते लेकीने विचारले नाही.

पहिली परीक्षा त्या शनिवारी झाली. इमारतीच्या दारापासून गल्लीपर्यंत एक बेताचा उतार आहे. गल्लीत वाहने येत नाहीत. समोर लाँड्री आहे. घडी झाली, साठवण झाली. काकू उतारावर निघाल्या. पाठ ताठ, कोपर किंचित वाकलेले, दोन्ही पावले मागच्या चाकांच्या मध्ये, अगदी तक्त्यातल्या चित्रासारख्या.

“छान. आता हळूच ब्रेक ओढा, काकू,” फिजिओताई म्हणाल्या.

“ओढलाय.”

“ओढा ना.”

“अहो ओढलाय! हाच ऐकत नाही!”

उमेदवाराने वेग घेतला. काकूंची पावले झपझप पडू लागली. फिजिओताई धावल्या. जावईही शेजारून धावू लागला. “आई, घाबरू नका, याला जडत्व म्हणतात! आमचा पंप बंद केला तरी त्याचं चाक अर्धा तास...”

लाँड्रीच्या फळीवर इस्त्री केलेल्या चादरींचा ढीग होता. उमेदवार त्या ढिगात मुठींपर्यंत घुसला आणि थांबला. काकू उभ्याच होत्या.

लाँड्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून पुढे आला. “मावशी, लागलं का कुठं?”

“मला काही नाही. ही चादर कोणी दुमडली?”

“मी.”

“कड जुळलेली नाही.”

फिजिओताईंना धाप आवरेपर्यंत काकूंनी पाच चादरी पुन्हा दुमडून दिल्या होत्या. जावई दहा म्हणतो.

दोष कोणाचा याविषयी कोणाला शंका नव्हती. फिजिओताईंनी तक्त्यावर लिहिले: ‘ब्रेक धरत नाहीत. मूळचा दोष. दुकानाला परत.’ तो तक्ता खोक्यात आहे. सोमवारी तक्रारीचे पत्र जायचे होते, आणि वॉकरच्या बदल्यात चाके नसलेली चौकट यायची होती: उचलायची, पुढे ठेवायची, एक पाऊल टाकायचे, पुन्हा उचलायची. “सुरक्षित आहे,” लेक म्हणाली.

“आहे ना,” काकू म्हणाल्या. “गुरुवारी निघाले की शुक्रवारी पोचेन.”

रविवारी दुपारी घर झोपलेले असताना काकूंनी अंगठा चाकावर फिरवला. तो घसरला. त्यांनी अंगठा नाकाशी नेला. एकेचाळीस वर्षे ओळखीचा वास होता.

कोणाला काही कळले नव्हते. गप्प बसले तर उमेदवार बदनाम होऊन परत जाणार आणि काकू चौकट उचलत बसणार. बोलले तर ज्या बाईला ब्रेक कशाने धरतो हेही कळत नाही तिला एकटीने कोण सोडणार? गुरुवार दोन्हीकडून जात होता. काकू पलंगावरून उठल्या (ब्रेक लॉक करून, टक्क ऐकून) आणि बांधणीच्या पुठ्ठ्याचा एक कपटा कापला.

चौथी चिठ्ठी ती. चार बोटे रुंद, आणि मागच्या बाजूला मेणाच्या अंगठ्याचा पुसट डाग. मजकूर: ‘चूक माझी. क्र. १४.’ खाली सही. तारीख नाही, ही काकूंची एकमेव अक्षम्य हलगर्जी म्हणावी लागेल.

सोमवारी फिजिओताईंनी चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली.

“कसली चूक, काकू?”

“ब्रेकला मेण लावलं.”

“ब्रेकला? आणि ते का?”

“कारण सांगायची रीत नाही.”

“अहो, ब्रेक धरतो तोच मुळी घासून! तुम्ही तर त्याला...” फिजिओताईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “आणि हे तुम्ही मला का सांगताय? मी दुकानावर ढकलून मोकळी झाले होते.”

“पान आपण उलटं लावायचं आणि नावं छापखान्याला ठेवायची? उमेदवाराचा काही दोष नाही, ताई. लिहा तसं.”

फिजिओताई हसू दाबायला खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी तक्रारीचे पत्र फाडले. काकूंनी तुकडे उचलून त्यांची घडी घातली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने चाके पुसून दिली, ब्रेकचे रबर बदलले, आणि किंचाळी परत आली. “ओरडतो तोवर जिवंत आहे असं समजा, मावशी,” तो म्हणाला. तक्त्यात फिजिओताईंनी हाताने सहावे कलम लिहिले: ‘वॉकरला मेण, खळ, सरस अथवा बांधणीचे कोणतेही साहित्य लावणार नाही.’ खाली काकूंची सही घेतली. दुसरी आणि शेवटची परीक्षा महिन्याच्या अखेरच्या शनिवारी ठरली.

त्या दिवशी कंपोझिटर स्वतः आले. आपण तटस्थ आहोत असे सांगून ते फिजिओताईंच्या समोर उभे राहिले. त्यांना उलटे वाचायची सवय. फिजिओताई तक्त्यावर जे लिहीत ते समोरून, उलटेच वाचून ते मोठ्याने जाहीर करीत. तसे करू नका, असे फिजिओताई दोनदा म्हणाल्या.

उमेदवार पलंगाशेजारी, भिंतीला टेकून, लॉक लावून उभा होता. फिजिओताई खाली वाकल्या.

“काकू, हा दोरा?”

“एकच आहे.”

“आणि घाईच्या वेळी दुसऱ्या कोणाला सोडायचा झाला तर?”

“सोपं आहे,” जावई पुढे झाला. “गाठ म्हणजे काय असतं, ताई, की व्हॉल्व्हची दोरीसुद्धा आम्ही...” त्याने एक टोक ओढले, दुसरे ओढले, मग दातांनी प्रयत्न केला. गाठ आणखी आवळली. बोलणे मात्र दातांत दोरा असतानाही चालू होते.

“‘साठवण’समोर फुली,” कंपोझिटरांनी वाचले.

काकूंनी खणातली कात्री काढून दोरा स्वतःच्या हाताने कापला. कापलेला तुकडा खोक्यात आहे. लेक सांगते की आईच्या डोळ्यांत तिने पाणी पाहिले. जावई सांगतो की ते त्याच्या डोळ्यांत होते, दोऱ्यावरचे मेण तिखट असल्यामुळे. मेण तिखट नसते.

“फुली खोडली,” कंपोझिटर म्हणाले.

पुढचे सुरळीत झाले. पट्टा ओढून घडी, दांड्या दाबून उघडणे, टक्क. उतारावर मध्यावर ब्रेक: उमेदवार कर्कश किंचाळला आणि खिळल्यासारखा थांबला. समोर लाँड्रीवाला दोन्ही हात पसरून चादरींपुढे उभा होता; तो हात खाली घेऊन आत गेला. काकू वर परतल्या आणि त्यांनी उमेदवाराचे तोंड पुन्हा गल्लीकडे केले. उरले होते फक्त ‘बसणे’.

“घाई नाही,” फिजिओताई म्हणाल्या. “दोन्ही ब्रेक लॉक. वळायचं. गादी पायांना मागून लागली पाहिजे. मग टेकायचं. बसल्यावर चाकं हलवायची नाहीत, ही काही ढकलगाडी नाही.”

काकूंनी दोन्ही ब्रेक लॉक केले आणि वळण्यासाठी डावा हात दाराजवळच्या कठड्यावर ठेवला. तेवढ्यात जावयाला राहवले नाही.

“थांबा आई, मी दाखवतो. हा लॉक असा असतो. असा सुटतो. हा दुसराही असा सुटतो. आणि मग माणूस असा...”

तो बसला. जावयाचे तोंड गल्लीकडे नसून घराकडे होते, त्यामुळे आपण निघालो आहोत हे त्याला सगळ्यांत शेवटी कळले. उमेदवार उतारावरून खाली सरकू लागला.

“...असा आरामात बसतो. आता यात भार कसा वाटला जातो बघा, आमच्या टाकीलाही चार पाय...”

काकूंनी कठडा सोडला नाही. समोरून सरकत जाणारी मूठ उजव्या हाताने पकडली आणि कडी खाली दाबली. एक चाक जागीच धरले गेले, उमेदवार किंचाळून अर्धा गरकन फिरला आणि थांबला. वाक्य थांबले नाही.

“...होते, त्यातला एक आखूड.”

“जावईबापू,” काकू म्हणाल्या, “बसण्याआधी ब्रेक.”

फिजिओताईंनी लिहिले. कंपोझिटरांनी वाचले: “‘ब्रेक’समोर दोनदा बरोबरची खूण. ‘बसणे’: कृती न करता उत्तीर्ण. एकटीने जाण्यास हरकत नाही. वॉकर जावयाच्या हाती देऊ नये.” शेवटच्या शब्दांवर त्यांचा आवाज किंचित चढला, असे लेक, काकू आणि फिजिओताई या तिघींचे एकमत आहे.

जावई खजील झाला होता. मनाने तो खरोखर चांगला माणूस आहे. संध्याकाळी त्याने आपणहून कपटा मागितला. काकूंनी दिला. “फक्त ‘चूक माझी’ लिहायचं. कारण नाही.”

“कारण नाही,” तो म्हणाला. “फक्त थोडी पार्श्वभूमी.”

कपटा पुरला नाही. त्याने पुरवणी मागितली, मग आणखी पुरवणी. तीन दिवसांनी बत्तीस पाने झाली. मुकादमाचे म्हणणे असे बऱ्याच वर्षांनी खरे ठरले: काकूंनी त्या पानांचे फर्मे केले, शिवले, पुठ्ठा चढवला आणि पुस्तक वाचनालयाच्या मागच्या खोलीत ठेवले. ते तपासले आहे. चुकीची कबुली पान एकोणतीसवर असून ती जुन्या तीन नंबरच्या व्हॉल्व्हविषयी आहे.

गुरुवारी काकू एकट्या निघाल्या. जावयाबरोबर पंधरा मिनिटे लागत. त्यांना पंचवीस लागली, कारण वाटेत लाँड्रीवाल्याने एक चादर दाखवायला थांबवले. खोलीत शिरून त्यांनी पट्टा ओढला, उमेदवार भिंतीला टेकवला, लॉक लावला. हात सवयीने खिशातल्या दोऱ्याकडे गेला आणि परत आला.

“आज सोबत कोण?” कंपोझिटरांनी विचारले.

“उमेदवार.”

“बोलतो?”

“फक्त थांबताना.”

मग कामाला सुरुवात झाली. सेविकेच्या सांगण्यानुसार बारा वाजेपर्यंत वाक्ये जेमतेम सात झाली होती. साडेबाराला कंपोझिटरांनी जावयाचे पुस्तक चाळायला घेतले आणि पान नऊवर ते उलटे धरून वाचू लागले.

“चौदा नंबर.”

“काय?”

“एक जोडपान उलटं लागलंय. चार पानं डोक्यावर उभी आहेत.”

“जावयानं तीनदा वाचलं. तो काही म्हणाला नाही.”

“त्याला काय कळणार.”

काकूंनी पुस्तक घेतले, चष्मा लावला आणि पान नऊ बराच वेळ पाहिले. सरळ धरून पाहिले, फिरवून पाहिले.

“मजकूरच तसा आहे,” त्या म्हणाल्या.

पण खोक्यात आज पाच चिठ्ठ्या आहेत, आणि पाचवीवरची काकूंची सही सर्वांत ठसठशीत आहे. तारीख तिच्यावरही नाही.